टोळ्या उठतात त्या गावातली शाळा

आमच्या डोंगरपट्ट्यात दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या उठायला लागतात. दिवाळीनंतर गाव अर्धं रिकामं होतं. माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर पोचलेली असतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची उचल (आगाऊ रक्कम) त्या जोडीच्या नावावर असते, म्हणून दोघांनाही जावंच लागतं, आणि मागं लेकरू सांभाळायला कुणी नसेल तर तेही गाडीत बसतं. गाळप हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलं आहे. आईबापाबरोबर जाणाऱ्या आमच्या मुलांच्या वाट्याला त्यातले निम्मेही येत नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या अशा एका जिल्हा परिषद शाळेत मी बदलीनं आले आणि सेवाज्येष्ठतेनं मुख्याध्यापकाचा कार्यभार माझ्याकडे आला. शाळा पहिली ते पाचवी, पट शंभरच्या आतबाहेर, शिक्षक चार. कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेचा पट दीडशेच्या वर गेला तरच मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद मिळतं. त्यामुळे माझ्यासारख्या प्रभारी मुख्याध्यापकाला स्वतःचा वर्ग असतोच आणि बाकीचा कारभार त्याच्या वर येतो. हे ओझं आहे, पण माझ्या मते त्यात फायदाही आहे. रोज खडू हातात धरणाऱ्या मुख्याध्यापकाला सहकाऱ्यांशी शिकवण्याबद्दल बोलताना आधाराला परिपत्रक लागत नाही.

पहिल्या जून-जुलैत आम्ही एकच काम नीट केलं: तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं शेजारी बसवून वाचून घेतलं. पद्धत नवी नव्हती. अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, छोटी गोष्ट असा एकच कागद घ्यायचा आणि मूल कुठल्या टप्प्यावर अडखळतं ते बघायचं. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून घरोघरी हेच केलं जातं. त्याआधी मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' नेमून मागं राहिलेल्या मुलांना त्यांच्या पातळीवरून शिकवण्याचा प्रयोग झाला होता, आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी त्याचा अभ्यास केला होता. प्रशिक्षणांमधून हे आमच्या कानावर आलेलं होतं. पण आपल्याच शाळेच्या लिंबाखाली बसून, आपल्याच वर्गातल्या चौथीच्या मुलाकडून 'घर' आणि 'धर' यांत गफलत ऐकणं वेगळं असतं. पाचवीत अक्षरांशी झगडणारी मुलं होती आणि तिसरीतली एक मुलगी गोष्ट घडाघडा वाचत होती. इयत्तेचा आणि वाचनाचा संबंध आमच्या शाळेत जवळजवळ तुटलेला होता, आणि का तुटला होता ते हजेरीपत्रकातले नोव्हेंबर ते मार्चचे रकाने सांगत होते.

मग आम्ही ठरवलं की परिपाठानंतर अकरा ते साडेबारा तिसरी, चौथी, पाचवी या इयत्ता मोडायच्या आणि मुलं वाचनाच्या पातळीनुसार तीन गटांत बसवायची. पहिली-दुसरीचे सर त्यांच्या वर्गाबरोबर राहतील, आम्ही तिघं तीन गट घेऊ. पहिला तास भाषा, शेवटचा अर्धा तास गणित. गणिताचे गट निराळे, कारण वाचनात मागं असलेली काही पोरं हिशोबात पुढं होती. दुपारनंतर नेहमीच्या इयत्ता आणि नेहमीची पुस्तकं.

शिक्षक खोलीत यावर बरीच चर्चा झाली. तिसरीच्या बाईंचं म्हणणं होतं की त्यांच्या वर्गाची जबाबदारी त्यांची आहे. तपासणीला कुणी आलं तर त्यांच्या मुलांबद्दल त्यांनाच विचारणार, मग मुलं दुसऱ्याच्या खोलीत कशी? पाचवीच्या सरांना शिष्यवृत्ती परीक्षेची काळजी होती. दोन्ही शंका खऱ्या होत्या. मी एवढंच सांगितलं की गटांचा निर्णय मी मुख्याध्यापक म्हणून सही करून नोंदवते, विचारणा झाली तर उत्तर मी देईन. आणि अक्षरांचा, म्हणजे सगळ्यात मागचा गट मी घेतला.

या शेवटच्या गोष्टीवर मी आजही ठाम आहे. आपल्याकडे मागे पडलेल्या मुलांना नवख्या स्वयंसेवकाकडे द्यायचं आणि अनुभवी शिक्षकानं हुशार मुलं घ्यायची, अशी वाटणी आपोआप होते. खरं तर अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा वाचायला शिकवणं हे प्राथमिक शाळेतलं सगळ्यात अवघड काम. त्याला सहा वर्षांच्या मुलाची चित्रं दाखवून चालत नाही. त्याला लाज वाटते, तो हसण्यावारी नेतो, खिडकीतून बाहेर बघतो. शाळेतल्या सगळ्यात जास्त अनुभवाचं माणूस त्याच्यासमोर बसलं पाहिजे. मुख्याध्यापकानं तो गट स्वतः घेतला की बाकीच्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

त्या गटात आम्ही काय केलं ते जरा सविस्तर सांगते. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं आणि मुलांना बोलतं केलं. "कारखान्यावर सकाळी कोण आधी उठतं?" असं विचारलं की गप्प बसणारी पोरंही बोलायला लागायची. त्यातलीच वाक्यं मी मुलांच्या तोंडची जशीच्या तशी फळ्यावर लिहायची. 'आई मोळी बांधती.' 'मी बाळ सांभाळते.' 'कोपीत लाईट न्हाई.' (कोपी म्हणजे त्यांची तिथली झोपडी.) ज्याचं वाक्य त्यानं बोट ठेवून वाचायचं, मग सगळ्यांनी. मग वाक्याच्या पट्ट्या कापायच्या, शब्द सुटे करायचे, हलवायचे, पुन्हा लावायचे. 'मोळी'तला 'मो' आणि 'मोर'मधला 'मो' एकच आहे हे मुलाला असं दिसलं की त्याला बाराखडीची पाटी घोकायची गरज कमी लागते. अक्षरं आम्ही वर्णमालेच्या क्रमानं घेतली नाहीत. मुलांच्या शब्दांत सारखी येणारी म, क, ल, र, न, त, स आणि काना, वेलांटी, मात्रा आधी. ठ, ढ, ण, क्ष नंतर. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी, आणि त्यातही 'र'ची चार रूपं वेगवेगळ्या दिवशी. 'सूर्य', 'चक्र', 'ट्रक', 'दऱ्या' एकाच दिवशी दाखवले की मुलं गोंधळतात. 'ट्रक' मात्र लवकर पक्का झाला, कारण तो त्यांच्या रोजच्या बघण्यातला.

फळ्यावर 'न्हाई' लिहिलेलं पाहून तिसरीच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, हेच डोक्यात बसलं तर?" आम्ही त्यावर शनिवारी बसून बोललो आणि एक रीत ठरवली: वाचायला शिकताना मुलाचं वाक्य मुलाच्याच बोलीत राहील, ते सहज वाचता आलं की शेजारी पुस्तकातल्या भाषेतलं वाक्य येईल आणि मुलं दोन्ही वाचतील. मुलांना यात काहीच अवघड गेलं नाही. घरी एक आणि पुस्तकात एक हे त्यांना आधीपासून माहीत असतं. तांड्यावरची बंजारा मुलं तर त्यांच्या गोरबोलीतून मराठीत, मराठीतून पुस्तकात अशी दोन पावलं टाकत होती. त्यांच्यासाठी आम्ही वरच्या गटातली तांड्यावरचीच एक मुलगी जोडीला दिली. तिला स्वतःलाही त्यातून खूप शिकायला मिळालं.

गणितात काडी-गठ्ठा हेच साधन. तुरीच्या काड्या गावात फुकट मिळतात. दहाचा एक गठ्ठा, त्याला रबर. हातचा म्हणजे काय हे गठ्ठा सोडल्याशिवाय कळत नाही, आणि मुलानं तो स्वतःच्या हातानं सोडला पाहिजे; शिक्षकानं सोडून दाखवला तर उपयोग नाही. मराठी संख्यानामांची अडचण आणखी वेगळी. 'पस्तीस' म्हणताना पाच आधी येतात आणि तीस नंतर, म्हणून मूल ५३ लिहितं. 'एकोणचाळीस' ऐकलं की चाळीस कानात बसतं आणि ४९ लिहिलं जातं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावांबरोबर 'वीस सात, पन्नास तीन' असं वाचन सुचवलं गेलं तेव्हा राज्यभर वाद झाला. मी त्या सूचनेच्या बाजूची आहे. मागं पडलेल्या मुलाबरोबर गठ्ठे मोजताना आम्ही 'तीस आणि पाच, पस्तीस' असं दोन्ही म्हणतो, आणि अंक उलटे लिहिण्याचं प्रमाण डोळ्यांदेखत कमी होतं. पुढं मूल आपोआप नुसतं 'पस्तीस' म्हणायला लागतं.

आता वेळेचं. अकरा ते साडेबारा हा वेळ राखणं हे मुख्याध्यापक म्हणून माझं मुख्य काम झालं. 'आज दुपारी बारापर्यंत माहिती सादर करावी' असे संदेश फोनवरच्या शिक्षकांच्या गटावर येतात, त्यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही; वरूनही तसेच आलेले असतात. पण त्या दीड तासात चारही फोन कपाटात राहतील असं आम्ही ठरवलं. केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना मी आधीच भेटून सांगितलं की आमच्या शाळेची माहिती दुपारी दोननंतर मिळेल, रोज मिळेल, चुकणार नाही. त्यांनी ते मानलं, आणि आम्ही एकदाही उशीर केला नाही, म्हणूनच ते टिकलं. शालेय पोषण आहाराची चव नोंदवही, ऑनलाईन हजेरी, धान्याचा हिशोब हे सगळं जेवणाच्या सुट्टीनंतर. गावातली माणसं दाखल्यासाठी, सहीसाठी अकरा वाजता यायची. त्यांना स्वयंपाकाच्या मावशीच सांगायच्या, "मॅडम तासावर हायत, खिचडीच्या टायमाला या." काही दिवसांत गावालाही सवय झाली.

सहकाऱ्यांच्या वर्गात मी जायचे ते कुणाला तपासायला नाही. माझा गट पाट्यांवर लिहायला बसला की पंधरा मिनिटं शेजारच्या खोलीत जाऊन दोन मुलांच्या मध्ये बसायचं. नजर शिक्षकावर ठेवायची नाही; त्या दोन मुलांच्या वहीत काय चाललंय तेवढंच बघायचं, आणि नंतर सांगायचं तेही त्या मुलांबद्दलच. "सर, तुमचा वेग जास्त आहे" या वाक्यानं सर दुखावतात. "सर, खिडकीजवळच्या दोघांनी तिसरं उदाहरण फळ्यावरून उतरवून घेतलं, स्वतः केलं नाही" या वाक्यानं सर दुसऱ्या दिवशी त्या दोघांकडे जातात. तेही माझ्या वर्गात तसेच यायला लागले, आणि माझ्या गटातला एक मुलगा ओठ हलवतो पण वाचत नाही हे मला पाचवीच्या सरांनी दाखवलं. हे असं एकमेकांच्या वर्गात जाणं सुरू झालं नसतं तर गट करूनही फार फरक पडला नसता असं मला वाटतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही चौघं एकच वही मध्ये ठेवून बसायचो. एकदा सरांनी पाचवीतल्या मुलाची वजाबाकी आणली: ५२ वजा २७, उत्तर ३५. वरवर बघितलं तर चूक, तांबडी फुली मारायची आणि पुढं जायचं. आम्ही त्याची मागची पानं उलटली. ४३ वजा १८ ला ३५, ६१ वजा ३४ ला ३३. मुलगा सगळीकडे एकच नियम पाळत होता: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, मग मोठा अंक वर असो की खाली. तो हातचा विसरत नव्हता. हातचा त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. सोमवारी सरांनी त्याला ५२ काड्या दिल्या, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, आणि म्हणाले, "यातल्या सत्तावीस मला दे." दोन सुट्या दिल्यावर तो थांबला, गठ्ठ्यांकडे बघत राहिला, मग विचारलं, "सर, गठ्ठा फोडू का?" सरांनी शिक्षक खोलीत येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. त्यानंतर प्रत्येकजण शनिवारी आपणहून वह्या आणायला लागला. महिन्याच्या अहवालापेक्षा अशा एका वहीनं आम्हाला जास्त शिकवलं.

सप्टेंबर आला की मात्र सगळं लक्ष दसऱ्याकडे. आम्ही घरोघर जाऊन यादी करतो: कोण जाणार, कोण राहणार, कोण कुणाकडे राहणार. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. पण आमच्याकडे दिवाळीनंतर समितीतले पालकच उसाच्या फडात असतात. म्हणून आम्ही मागं राहणाऱ्या आज्यांना बैठकीला बोलवायला लागलो. एक आज्जी म्हणाली, "बाई, लेकराला ठिवते मी. पर त्याला शिकवू काय? मला सही बी येत न्हाई." मी म्हटलं, "आज्जी, तुम्ही शिकवू नका. दिवा लागला की त्याला समोर बसवा आणि म्हणा, मला वाचून दाखव. चुकलं तरी ऐका." ते तिनं केलं. नातू रोज तिला वाचून दाखवायचा, आणि सकाळी शाळेत येऊन सांगायचा की आज्जीला काय आवडलं.

हंगामी वसतिगृहाची योजना आमच्यासारख्या गावांसाठीच आहे. आमच्याकडे मुलं रात्री आजी-आजोबांकडे झोपतात आणि दोन वेळचं जेवण वसतिगृहात मिळतं. प्रस्ताव आम्ही ऑगस्टमध्येच पाठवतो, तरी मंजुरी उशिरा आली असं झालेलं आहे. आई-बाप दसऱ्यालाच विचारतात, "जेवण हाय का पक्कं?" तेव्हा 'कागद यायचाय' हे उत्तर त्यांना पुरत नाही, आणि ते बरोबरच आहे, अशा वेळी मूल गाडीत बसतं. एका वर्षी गावातल्या दोन दुकानदारांनी आणि आम्ही शिक्षकांनी धान्य घातलं तेव्हा पहिले आठवडे निघाले. हे दरवर्षी करता येणार नाही. मंजुरी टोळ्या उठायच्या आधी आली तर गावात राहणाऱ्या मुलांची संख्या वाढते, हे मी ठामपणे सांगू शकते.

जी मुलं जातातच त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक असतं, म्हणजे ते दाखवून मुलानं तिकडच्या शाळेत बसायचं. आम्ही त्याच्या मागं टाचणीनं एक पान जोडतो: मूल काय वाचू शकतं, कुठली अक्षरं राहिली, गणितात कुठवर आलं आणि आमचा फोन नंबर. पलीकडच्या शाळेतल्या अनोळखी शिक्षकासाठी ते चार ओळींचं पत्र असतं. काही शाळांनी ती मुलं मनापासून घेतली. एका शाळेनं 'दाखला आणा' म्हणून परत पाठवलं. तेव्हा मी फोन करून सांगितलं की दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, आणि मूल दुसऱ्या दिवशी बसलं. पण फडात शाळा लांब असेल, किंवा मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असेल, तर पत्रकाचा काही उपयोग होत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलींचं हेच होतं. आम्ही आठवड्यातून एका ठरलेल्या रात्री आईच्या फोनवर फोन करतो आणि मुलीला दोन ओळी वाचायला लावतो. त्यानं शिक्षण पूर्ण होत नाही, पण शाळेशी असलेलं नातं तुटत नाही, आणि मार्चमध्ये ती मुलगी परत वर्गात येते.

परत आलेल्या मुलांची आम्ही पहिल्या दिवशी चाचणी घेत नाही. ती येतात तेव्हा कातडी करपलेली असते, झोप अपुरी असते, आणि वर्गात सगळे पुढं गेलेले दिसतात. पहिले काही दिवस ती त्यांच्या जुन्याच गटात, जुन्याच जोडीदाराशेजारी बसतात. मग शांतपणे एकेकाचं वाचून घेतो. बहुतेक मुलं वाचनात थोडी मागं सरकलेली असतात, गणितात फारशी नाही. ज्यांना जाण्यापूर्वी परिच्छेद सहज वाचता येत होता ती जवळजवळ तिथंच असतात. अक्षर-शब्दावर असताना गेलेली मात्र पुन्हा सुरुवातीला पोचतात. हे दोन-तीन हंगाम बघितल्यावर आम्ही जूनचं नियोजन बदललं: यादीतल्या जाणाऱ्या मुलांना दसऱ्याच्या आत परिच्छेदापर्यंत न्यायचंच, त्यासाठी लागला तर दुपारचाही एक तास द्यायचा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानं तिसरीअखेर सहज वाचन हे लक्ष्य २०२६-२७ साठी ठेवलं आहे. आमच्यासाठी त्याची खरी मुदत दरवर्षीचा दसरा आहे.

पाचवीच्या सरांची शिष्यवृत्तीची काळजीही मी विसरले नव्हते. वरच्या गटाला त्यांनी गोष्टींची पुस्तकं, शब्दकोडी आणि तोंडी उदाहरणं दिली, आणि दर शुक्रवारी त्या गटानं खालच्या गटांना एक गोष्ट वाचून दाखवायची असं लावून दिलं. त्या मुलांचं नुकसान झालं नाही हे सर आता स्वतः आसपासच्या शाळांच्या शिक्षण परिषदेत सांगतात.

मागच्या बदल्यांत तिसरीच्या बाई दुसऱ्या तालुक्यात गेल्या. जाताना त्यांनी त्यांच्या गटातल्या प्रत्येक मुलावर अर्ध-अर्ध पान लिहून ठेवलं. नवे सर आले तेव्हा मी त्यांना हजेरीपत्रकाच्या आधी ती वही दिली. आता सहावीचा प्रश्न समोर आहे. आमची मुलं पुढं शेजारच्या गावातल्या शाळेत जातात आणि तिथं गट नाहीत, तोच हंगाम आहे. तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. मेमध्ये पाचवीची वही घेऊन आम्ही दोन्ही शाळांचे शिक्षक एकत्र बसणार आहोत, आणि सहावीतल्या जाणाऱ्या मुलांची यादी या वर्षी दोन्ही शाळा मिळून करणार आहोत.